नव्व्याण्णवच्या किंचित खाली

पाऱ्याचं टोक नव्व्याण्णवच्या रेघेच्या किंचित खाली थांबलेलं होतं. दोन रेघांमधल्या जागेचे पाच भाग केले तर वरून एका भागाइतकं खाली. सत्यवती वाकून, डोळा पाऱ्याच्या पातळीत आणून पाहत राहिली. काचेवर वाफ धरू नये म्हणून असं पाहताना श्वास रोखायची तिला सवय होती. मग तिची नजर चंबूकडे गेली. निम्म्याहून वर भरलेला चंबू आता तळाशी दोन बोटं उरला होता आणि तेवढंही उकळत होतं. स्पिरिटचा दिवा दुसऱ्यांदा भरलेला दिसत होता. समोर अकरावीची चतुरा तायडे उभी होती, एक हात वहीवर, दुसऱ्या हातात पेन्सिल, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. वहीत दोन रकाने होते. डावीकडे वेळ, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने. उजवीकडे एकच आकडा, पायऱ्या उतराव्यात तसा खाली उतरत गेलेला. ९८.८, ९८.८, ९८.८. सत्यवतीने मोजले. सत्तेचाळीस. कृतीत तर स्पष्ट लिहिलं होतं की तापमान स्थिर झाल्यावर पाच नोंदी घ्याव्यात. बाकीच्या तीस मुली पाच नोंदी घेऊन, दिवे विझवून, कधीच डबे खायला निघून गेल्या होत्या.

"हे काय करून राह्यली तू?" सत्यवती शाळेत पुस्तकातलं बोलायची, पण दचकली की तिच्या तोंडून अकोला निसटायचं.

"नोंद घेऊन राह्यली, बाई."

"पाचच घ्यायच्या होत्या ना?"

"हो."

"मग?"

मुलीने दिव्याच्या ज्योतीकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे असेल. "तुमी बस म्हटलं नाई, बाई."

आवाजात उद्धटपणा नव्हता. सत्यवतीला खटकलं ते तेच. उद्धटपणा असता तर त्यावर उपाय होता. दारात प्रयोगशाळेचा शिपाई पंजाबराव उभा होता; तो म्हणाला, "बाई, ह्या पोट्टीनं आज ढगच बनवले असते. म्याच दिवा भरून देला तिले. म्हटलं, काई मोठा प्रयोग असन." सत्यवतीने ज्योतीवर टोपण ठेवलं. टोपण ठेवताक्षणी मुलीचे खांदे खाली आले, पेन्सिल वहीच्या कडेला समांतर ठेवली गेली, आणि ती अगदी साध्या सुरात म्हणाली, "जाऊ का?" क्षणापूर्वी भिंतीसारखी उभी असलेली मुलगी ती हीच का, असा प्रश्न पडावा इतक्या साध्या सुरात.

त्या संध्याकाळी अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या आपल्या भाड्याच्या खोलीत तिने एकतीस वह्या तपासल्या. तीस वह्यांत पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर होता. एका वहीत ९८.८. तिने लाल शाईने त्या आकड्यावर तिरपी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, चूक. १०० लिहा. हात सवयीने चालला होता. वही मिटताना तिला वाटलं, ही मुलगी आपल्याला बनवते आहे. कसं आणि कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं. चतुरा अकोल्याकडची, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणारी, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. तोंडी विचारलं तर वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. लेखी दिलं की काहीतरी बिनसायचं. घरून आणायचा अभ्यास एक दिवस पूर्ण, मोत्यासारखा. दुसऱ्या दिवशी वही कोरी, वर नुसती तारीख. सत्यवतीने एकदा त्या मोत्यासारख्या पानांवरचं अक्षर भिंगाखाली धरून पाहिलं होतं, दुसऱ्या कुणाचं आहे का म्हणून. अक्षर तिचंच होतं. पण जी मुलगी सोमवारी करू शकते तिला मंगळवारी जमत नाही, याचा अर्थ काय? धातू आम्लात सोमवारी विरघळतो आणि मंगळवारी विरघळत नाही, असं होत नसतं. वसतिगृहाच्या बाई सांगत होत्या, दिवाळीच्या सुट्टीत ही एसटीच्या थांब्यावर सकाळपासून दुपार टळेपर्यंत पेटीवर बसून होती. अकोल्याच्या सहा गाड्या समोरून गेल्या. कुणाची वाट पाहत होती, विचारलं तर म्हणे कुणाची नाही. वसतिगृहाच्या बाईंनी हे सांगताना आवाज खाली आणला होता आणि सत्यवतीने मान हलवली होती. आपण मान हलवली हे तिला नंतर बराच वेळ आठवत राहिलं.

मग मॅट्रिकच्या आधीची शाळेची चाचणी परीक्षा आली, आणि संशयाला बसायला पाट मिळाला. विज्ञानाच्या पेपरात चतुराने एकच प्रश्न सोडवला होता. पहिला. उत्तर अकरा पानांचं. उत्तर बरोबर होतं, बरोबरहून अधिक होतं. हवेचा दाब, उंची, उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला का उकळतं, आकृतीसह. पाचव्या पानावर तेच उत्तर पुन्हा सुरू झालं होतं, थोड्या वेगळ्या शब्दांत, आणि नवव्या पानावर पुन्हा. बाकीचे सहा प्रश्न तिने वाचले तरी होते का, कळायला मार्ग नव्हता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका माणिकबाईंनी, ती उत्तरपत्रिका दोन बोटांत धरून वर उचलली. त्यांच्या मांडीवर खाकी लोकरीचं विणकाम होतं. त्या हिवाळ्यात सगळा शिक्षकवर्ग सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणत होता. "एक प्रश्न एवढा पाठ, आणि दुसऱ्याची ओळसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "सत्यवतीबाई, हा प्रश्न तिला आधी मिळाला होता. पेपर तुमच्या कपाटात होते. किल्ली तुमच्याकडे असते, आणि कपाट पुसायला पंजाबराव असतो. मी कुणाचं नाव घेत नाही." मग सुई लोकरीत खोचून म्हणाल्या, "नाही तर ढोंग आहे. या शिष्यवृत्तीच्या मुलींना माहीत असतं, नापास झालं तरी कुणीतरी दया करणारच. तुम्ही वर्गशिक्षिका. तुमचा अहवाल द्या. तिचा मॅट्रिकचा फॉर्म अडवायचा की पाठवायचा, ते तुमच्या अहवालावर. फॉर्म अडवला की शिष्यवृत्ती बंद आणि वसतिगृहही. तेवढा विचार करा, पण शाळेच्या निकालाचाही करा."

अहवालाला तीन आठवडे होते. पहिला आठवडा सत्यवतीने कपाटाच्या कुलपात घालवला. रोज संध्याकाळी ती कुलूप लावायची, ओढून पाहायची, जिन्यापर्यंत जायची, परत येऊन पुन्हा ओढून पाहायची. पंजाबराव शाळेचे टोले द्यायची पितळी घंटा खुंटीला टांगत तिच्याकडे बघायचा, आणि तो बघतो म्हणून ती त्याच्याकडे बघायची. अहवालाचा कागद तिने टेबलावर ठेवला होता. वर 'कु. चतुरा किसन तायडे' एवढं लिहून झालं होतं. खाली काही लिहायला बसलं की तिला आधी टाक धुवावासा वाटे, मग टेबल पुसावंसं, मग दुसऱ्या दिवशीची यादी करावीशी. सत्यवती याद्यांवर जगायची. दूध, धोबी, अॅसिडच्या बाटल्या मोजणे, बाबांना पत्र. यादीत नसलेली गोष्ट तिच्या हातून होत नसे, आणि हे तिने सदतीस वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं. लोक तिला व्यवस्थित म्हणत.

ढोंग हा शब्द मात्र गेला नाही. तो शब्द तिने एकदा स्वतःबद्दल ऐकला होता, अकोल्याला, मोर्णेच्या काठच्या त्यांच्या मळ्यात, नऊ वर्षांची असताना. ते शेवंती, झेंडू, वांगी लावत. मोटेवर बैल ती हाकायची. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरायचे, मोट वर यायची, पाणी थारोळ्यात पडायचं, बैल मागे सरत वर यायचे. थांबवायचं तर एक शब्द होता, हो. नुसतं लांबवून हो म्हटलं की जोडी दगडासारखी उभी. त्या सकाळी मोटेचा दोर, नाडा, चाकावरून घसरला. बाबा काठावर वाकून तो हाताने परत बसवत होते, आणि बैल आपणहून उताराला लागले. तिला सगळं दिसत होतं. उन्हात चमकणारा ओला नाडा, चाक, चाकाखाली बाबांचा उजवा हात. तिला पुढचं काय ते ठाऊक होतं. शब्दही ठाऊक होता. तोंड उघडं होतं. पण शब्द आणि तोंड यांच्यामध्ये जे काही असतं ते त्या क्षणी तिथे नव्हतं. मग बाबांचा आवाज आला, माणसाचा वाटू नये असा, आणि बैल त्या आवाजाने थांबले. ती त्यानंतरही तिथेच उभी राहिली, कासरा हातात, दुपारपर्यंत, कुणी हलवीपर्यंत. काका म्हणाले होते, "ढोंग करून राह्यली पोट्टी. बैलं तं हिचंच आयकतात." बाबांची दोन बोटं गेली. उरलेल्या तीन बोटांनी ते पुढे आयुष्यभर हार गुंफत आले, आणि त्यांनी तिला कधी काही विचारलं नाही. ते विचारतील म्हणून ती अठ्ठावीस वर्षं उत्तर तयार ठेवून होती.

दुसऱ्या आठवड्यात तिने कागद बाजूला सारला आणि जे येत होतं ते केलं: निरीक्षण. एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर, कुणाला दिसू नये अशा बारीक अक्षरात. चतुराला सांगितलं, कपाटातून परीक्षानळी आण, धू, खिडकीत उलटी ठेव. नळी आली, धुतली गेली, आणि मुलगी ओली नळी हातात धरून नळापाशी उभी राहिली. पाणी कोपरावरून ओघळत होतं. दुसऱ्या दिवशी तीच कामं एकेक करून सांगितली. एकही चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी सूचना कागदावर लिहून दिल्या. पहिली ओळ वाचून काम झालं, मग तिने कागद उचलून पहिलीच ओळ पुन्हा वाचली. एके दिवशी पाच सूचनाही सुरळीत पार पडल्या, आणि सत्यवतीच्या मनात संशय पुन्हा फणा काढून उभा राहिला, बघ, येतं तिला. त्याच तासाला बाहेर व्हरांड्यात कुणाच्या हातून पाण्याची घागर फुटली. आवाज झाला तेव्हा मुलगी दचकलीसुद्धा नाही. पण त्यानंतर तास संपेपर्यंत तिला स्वतःच्या वहीवर स्वतःचं नाव घालता आलं नाही. सत्यवतीने लिहिलं, ज्ञान आहे. स्मरण आहे. हात चालतो. मग थोडं थांबून लिहिलं, हाकणारं कुणी नाही. हे वाक्य शास्त्रीय नव्हतं. ते खोडावं असं तिला वाटलं आणि तिने खोडलं नाही.

तेव्हाच तिने ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर चंबू चढवला, कपाटातले तिन्ही थर्मामीटर काढले, एकेक करून उकळत्या पाण्यात धरले. पहिला नव्व्याण्णवच्या किंचित खाली. दुसरा नव्व्याण्णवच्या किंचित खाली. तिसरा जुना, जर्मन, नव्व्याण्णवला चिकटून, तरी खालीच. ती स्टुलावर बसली. उंच ठिकाणी पाणी शंभराच्या आधी उकळतं हे ती दर वर्षी फळ्यावर लिहून देत होती, आणि अमरावती समुद्राकाठी नाही हे तिला माहीत होतं. मग शंभर आलं कुठून? तिला ते ठिकाण आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, मुलींना नमुना म्हणून, तिने स्वतः एक प्रयोगवही लिहून काढली होती, सुरेख अक्षरात, बाहेरच्या एका पुस्तकावरून. थर्मामीटर त्या महिन्यात अजून शाळेत यायचे होते. ती वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात असायची आणि दर वर्षीच्या मुली प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिच्यावरून निरीक्षणं उतरवून ठेवत, कारण वही वेळेवर पूर्ण हवी असा नियम तिचाच होता. अकरा वर्षं. तीनशेहून अधिक मुली. प्रत्येकीने चंबूसमोर उभं राहून नव्व्याण्णवच्या खालचा पारा पाहिला होता आणि शंभर लिहिलं होतं, आणि तिने प्रत्येकीला बरोबरची खूण दिली होती. पाऱ्याकडे पाहून लिहिणारी एकच निघाली, तिला तिने लाल शाई लावली.

एवढं झालं तरी संशय गेला नाही, त्याने फक्त कूस बदलली. पंजाबराव घंटा पुसत होता. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी कपाट कुणी पुसलं होतं?"

"मले काय मालूम, बाई. म्या कुठी होतो? परतवाड्याले होतो, साळ्याच्या लग्नात. तीन दिवस रजा. मोठ्या बाईंनी तिसऱ्या दिवसाचा पगार कापला, विसरल्या काय?"

"मग टोले कुणी दिले?"

"कोनीच नाई. सुरू झाल्याचा एक अन् संपल्याचा एक, बस. अर्ध्या अर्ध्या तासाचे म्या असलो तं. चौथ्या दिवशी आलो अन् वाजवून वाजवून हात दुखवले."

सत्यवती उठली आणि कपाटातून चतुराच्या सगळ्या उत्तरपत्रिका काढून बाकावर ओळीने मांडल्या. पहिले तीन दिवस: मराठी, इंग्रजी, विज्ञान. तिन्हींत पहिला प्रश्न पानंच्या पानं, बाकी काही नाही. चौथा दिवस, गणित. पाच गणितं. प्रत्येक गणित अर्ध्यावर सोडलेलं. एक तर बरोबरच्या चिन्हावरच तोडलेलं, आणि खाली लगेच दुसरं सुरू. तपासणाऱ्या बाईंनी शेरा दिला होता, चंचल. गुण एक्केचाळीस. पाचवा दिवस, इतिहास. सहा उत्तरं, सहाही मधेच तुटलेली. गुण अडतीस. पास व्हायला पस्तीस लागत. तिने प्रत्येक तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं. जिथे टोला पडला तिथे वाक्य थांबलं होतं.

सोमवारी तिने पंजाबरावाला सांगितलं, अकरावीच्या तासाला दर दहा मिनिटांनी एक टोला दे. "कावून बाई?" "दे." चतुरा लिहीत होती. टोला पडला, पेन उचललं गेलं, नवी ओळ, दुसरा प्रश्न. पुन्हा टोला, तिसरा. शेजारची मुलगी कुजबुजली, "ह्या तासाले घंटा येडी झाली काय वं?" चतुराने मान वर केली नाही. फक्त तास संपल्यावर वही देताना म्हणाली, "बाई, घंटा चांगली असते." सत्यवतीने विचारलं, का? मुलीने वहीची कड टेबलाच्या कडेला समांतर केली. "घंटा म्हनते," ती म्हणाली, "आता हे झालं." बोर्डाच्या परीक्षेत दर अर्ध्या तासाला टोला असतोच. हा पुरावा घेऊन सत्यवती त्याच दुपारी मोठ्या बाईंकडे जाऊ शकली असती. ती गेली नाही. तिला वाटलं, अजून कारण कळलेलं नाही. कारण कळल्याशिवाय अहवाल म्हणजे अंदाज. हे खरं होतं, आणि हे निमित्तही होतं, आणि दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी दिसत होत्या.

रविवारी ती बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेली. चतुराची मावशी मनकर्णाबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. सुट्टीच्या दिवशीही तिच्या केसांत कापसाचे तंतू होते. तिने आधी सत्यवतीलाच निरखलं, पायांतल्या चपला, हातातली पिशवी, कपाळ. "पोट्टीनं काई चोरलं काय?" पहिला प्रश्न तोच. "नाही," सत्यवती म्हणाली. "मंग अमरावतीहून इतक्या दूर कायले आल्या?" तिला पाणी द्यावं की न द्यावं याचा विचार मावशीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, ही बाई आपल्या घरचं पाणी घेईल की नाही. सत्यवतीने पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर, फुलपात्र खाली ठेवल्यावर, मावशी जराशी सैल झाली.

"तिची माय गेली तव्हा दहा वर्साची होती," मनकर्णाबाई म्हणाली. "आमी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, त्याच्या मंगचा उन्हाया. गावानं इहिरीवर येऊ देनं बंद केलं. मंग बाया पान्यासाठी नदीच्या रेतीत झिरा खोदत. माय चुलीवर आंधन ठेवून गेली. पोरीले म्हने, मी येतो तवरिक चुलीतला इस्तो इझू देऊ नोको. अन् वरून दरड आली झिऱ्यावर. तिले काढाले दोन घंटे लागले." ती बोलताना फुलपात्राची कड फडक्याने पुसत राहिली. "अख्खं गाव नदीवर. पोरीकडे कोन पाह्यते? मी अकोल्याहून पोचलो तं दिवस कलला होता. हे बसली चुलीपाशी. आंधन आटलं तं घागरीतलं पानी वतलं. ते आटलं तं आनखी. घागर सपली. गाडगं तडकून दोन झालं, तरी खाली इस्तो जिता. काड्या सपल्या तं बाजीचा पाय मोडून घातला. घरात पेयाले थेंब नाई, अन् इस्तो जिता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करता? हात धरून उठोलं. एक थापड देली." मावशीने फडकं खाली ठेवलं. "बस झालं माय, असं मीबी नाई म्हनलं. कोनीच नाई म्हनलं."

बाहेर पडल्यावर सत्यवती बराच वेळ चालत राहिली. हे कारण फार नेटकं होतं. एखाद्या मुलीने उत्तरात इतकं नेटकं कारण लिहिलं असतं तर तिने बाजूला प्रश्नचिन्ह काढलं असतं. एसटीच्या सहा गाड्यांचं काय? ओल्या नळीचं? ज्या दिवशी पाच सूचना पार पडल्या त्या दिवसाचं? एका दुपारने सगळं सिद्ध होत नाही. मावशीने हे कितीदा, कुणाकुणाला सांगितलं असेल, आणि सांगता सांगता किती गुळगुळीत झालं असेल? असा विचार करत ती चालत होती आणि पाय तिला न विचारता मोर्णेच्या बाजूला वळले होते. मळ्यात बाबा खाटेवर बसून शेवंतीचा हार गुंफत होते. बाबा, म्हणजे शेषराव, आता सत्तरीचे. दोरा दातात, फूल अंगठ्यात आणि उरलेल्या दोन बोटांत. विहिरीवर आता इंजिन होतं. धाव गवताने भरली होती.

"अचानक?" ते म्हणाले. "पत्र नाई, काई नाई. नोकरी सोडली का?"

"नाही बाबा." ती खाली बसली. परडीतून एक फूल उचलून त्यांच्या हातात दिलं, मग दुसरं. यादीत हे नव्हतं. "बाबा, त्या दिवशी मी हो म्हटलं नाही."

शेषरावांनी दातांतला दोरा काढला. कोणता दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. "म्या तुले कधी इचारलं काय?"

"नाही. म्हणूनच."

"मले वाटलं, तू इसरली असशीन. आठवन कायले द्या." ते थोडं हसले. "अन् इचारलं असतं तं तू बैलाजवय गेली नसती. मंग मोट कोन हाकते? तुया काका? त्याले त बैलंच हाकत."

तीही हसली, आणि हसताना तिला कळलं की बाबांना अजून काहीतरी म्हणायचं आहे, आणि ते म्हणणार नाहीत, ते फूल मागतील. त्यांनी हात पुढे केला. तिने फूल दिलं. मग ते फुलाकडे पाहत, जणू फुलालाच सांगावं तसं म्हणाले, "तुयं तोंड उघडं होतं. म्या पाह्यलं. येत नोयता शब्द. लहान होती तू."

त्यांनी पाहिलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांना ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक नव्हतं की त्यांना ठाऊक आहे. परतीच्या गाडीत तिने मांडीवर अहवालाचा कागद काढला, आणि चाकांच्या धक्क्यांनी अक्षर हललं तरी लिहीत गेली. गणिताची आणि इतिहासाची पत्रिका. टोल्यांच्या वेळा. तीन थर्मामीटर. नमुना वही. मावशीचं तिने एका ओळीत लिहिलं, कारण म्हणून नाही, घडलेली गोष्ट म्हणून. बडनेरा आलं तेव्हा फक्त शेवटची ओळ उरली होती, फॉर्म पाठवावा की अडवावा. ती ओळ कोरीच राहिली. तिथेही तेच नव्हतं, शब्द आणि तोंड यांच्यामधलं. पाठवावा लिहिलं तर नमुना वहीचं सगळ्यांसमोर सांगावं लागणार, आणि अकरा वर्षांच्या बरोबरच्या खुणा खोट्या ठरणार. न सांगितलं तर ९८.८ ही एका ढोंगी मुलीची मनची नोंद.

सोमवारी सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत एकतीस फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर होता, वर नावांची यादी, शेजारी लांब पाकीट. पंजाबराव दाराशी उभा, पोस्टात जायला तयार. खुर्चीच्या पाठीवर पूर्ण झालेला खाकी स्वेटर. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. सत्यवतीने अहवाल टेबलावर ठेवला. माणिकबाईंनी चष्मा चढवून तो चाळला, मधली पानं उलटली, शेवटाकडे गेल्या.

"टोले? दरड? सत्यवतीबाई, हे काय लिहिलंय? आणि शेवटी तुमचं मत कुठंय?" त्यांनी वर पाहिलं. "तुमचंही मनाशी ठरत नाही, खरं ना? मला समजतं. वाईटपणा कुणाला हवा असतो. असं करू, मीच घेते तो. तुम्ही काही बोलत नाही, म्हणजे तुमचंही माझ्यासारखंच आहे असं मी धरते." त्यांनी गठ्ठ्यातला एक फॉर्म बाजूला काढला. लाल पेन्सिल उचलली. यादीवर त्यांचं बोट खाली सरकू लागलं, एकेक नावावरून, घाई न करता.

सत्यवतीला बोट दिसत होतं. पेन्सिलीचं टोक दिसत होतं, आणि त्याच्या खाली येत असलेलं नाव. उताराला लागलेल्या जोडीची लय तिला त्या बोटात ओळखू आली. तोंड उघडं होतं. आत काहीच नव्हतं, मग घशात नुसती हवा आली, मग हवेला खरखर आली. दाराशी पंजाबरावाने पाय बदलला.

"थांबा," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा होता; दारातला पंजाबरावही जागच्या जागी ताठ झाला. पेन्सिल कागदाच्या वर थांबली. "थांबा, बाई. शंभर मी लिहिलं होतं, न मोजता, आणि ते मी सगळ्यांना सांगणार आहे. तायडेचा फॉर्म जाईल."